अकरा सेकंद

जानेवारीतला तिसरा रविवार उलटला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत प्रभुण्यांना “किती झाले?” एवढंच विचारायचं. दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप या प्रश्नावर खेकसतात. प्रभुणे मात्र जिन्यात थांबतात, कठड्याला टेकतात (मुंबई मॅरेथॉननंतर दोन दिवस ते जिना पाठमोरे उतरतात, त्यामुळे थांबायला निमित्त हवंच असतं) आणि उत्तर देऊ लागतात. पंचाईत एवढीच, की त्यांच्याकडे उत्तरं चार-पाच आहेत.

पहिलं उत्तर ४:०४:५२. हा गन टाइम. तो प्रभुणे स्वतः कधीच उच्चारत नाहीत, मला तो त्यांच्या मेहुण्याकडून कळला. बार उडाला तेव्हा प्रभुणे सीएसएमटीसमोरच्या गर्दीत पार मागे उभे होते. सुरुवातीच्या रेघेपर्यंत सरकायलाच पावणेपाच मिनिटं गेली. “गाडी प्लॅटफॉर्मला लागायच्या आधीपासून प्रवास धरतात का हो?” हा त्यांचा सवाल.

खरा आकडा नेट टाइम. छातीवरच्या बिबमागे चिप असते. रेघेवरच्या मॅटवरून पाऊल गेलं की तुमचं घड्याळ सुरू आणि शेवटच्या मॅटवर बंद. प्रभुण्यांचा नेट टाइम ४:००:११.

चार तासांवरचे हे अकरा सेकंद त्यांच्या घरात मेलेल्या नातेवाइकासारखे राहतात. जेवताना त्यांचा विषय निघतो. ते कुठे गेले याचा पंचनामा झालेला आहे. तीन बुटाच्या नाडीत. बाकीचे पेडर रोडवर. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर पायांत असताना तो चढ येतो आणि तिथेच एका आजींनी संत्र्याची फोड पुढे केली, “लो बेटा!” “बावन्नाव्या वर्षी कुणी बेटा म्हणालं, तर पळून जायचं का?” प्रभुणे विचारतात. मला हे पटतं.

मग त्यांनी अभ्यास केला. शर्यतीचा रस्ता मोजताना तो चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला सुमारे ४२ मीटर फुकटचे. त्यांच्या वेगाने ते चौदा सेकंद होतात. “चौदा वजा करा. ३:५९:५७!” हे गणित त्यांनी मला सोसायटीच्या मासिक सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना, नोटिशीच्या पाठीमागे करून दाखवलं.

मनगटावरचं घड्याळ याहून उदार. रस्ता मोजतात तो सर्वांत जवळच्या रेषेने. प्रभुणे माणसं चुकवत, वळणांना बाहेरून वळसे घालत धावले, त्यामुळे घड्याळात अंतर आलं ४२.७८. आणि घड्याळाच्या हिशेबाने ४२.१९५ पुरे झाले तेव्हा वेळ होती ३:५६:५४. ही वेळ ऑफिसात सांगायची. लग्नकार्यात मात्र सांगायचा तो मूव्हिंग टाइम, ३:५५:२६. त्यात तुम्ही थांबलात तो वेळ धरतच नाहीत. पाणी, फिरतं शौचालय, संत्रं, सगळं माफ.

प्रभुणे खोटं बोलतात असं कुणी समजू नये. २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीने मुंबईचा मार्ग २:०७:३२ मध्ये संपवून विक्रम केला. त्याच वर्षी प्रभुणेही धावत होते. “बराच वेळ तो माझ्या मागे होता,” असं ते सांगतात आणि शब्द न् शब्द खरा आहे. हौशी मंडळींना पहाटे सोडतात, मातब्बरांना नंतर, उजाडल्यावर.

त्यांच्या पत्नी या सगळ्यात पडत नाहीत. मॅरेथॉनपटू शिवनाथ सिंग १९७८ साली जालंधरला २:१२:०० मध्ये धावला, हे त्यांना आता पाठ आहे आणि कुणी वहिनींना “मग काय, यंदा किती?” विचारलं तर त्या शिवनाथ सिंगची वेळ सांगून आत जातात.

यंदा मीही गेलो होतो. मॅरेथॉनला नव्हे, त्याच दिवशीच्या छोट्या, हौसेच्या ड्रीम रनला. दुसऱ्या दिवशी प्रभुणे पाठमोरे उतरत असताना गाठ पडली.

“किती झाले?” त्यांनीच विचारलं.

“त्यात चिप नसते,” मी म्हणालो.

“म्हणजे रिझल्टमध्ये तुमचं नावच नाही?” त्यांचा चेहरा पडला. असा चेहरा मी फक्त हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्यांचा पाहिला आहे. “अंदाजे तरी?”

“मोजलं नाही हो. मध्ये फोटो काढले, एका ओळखीच्याशी गप्पा मारल्या, एक वडापाव खाल्ला...”

प्रभुण्यांनी कठडा सोडला आणि एक पायरी वर आले.

“तो वडापाव काढून टाका,” ते हळूच म्हणाले. “मूव्हिंग टाइम सांगा.”