टँकवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक टँकवाले काका असतात. त्यांच्या हॉलमधल्या टँकला चुकूनही ‘माशांचा टँक’ म्हणू नये. ‘प्लँटेड आहे हा. मासे आपले असेच,’ असं ऐकावं लागतं. रुंदी तीन फूट, उंची दोन फूट. शोकेसच्या खणात फिट बसला म्हणून उंच टँक घेतला, आणि वरचा उजेड तळापर्यंत पोचवायचा कसा, ही चिंता काकांना जन्माची लागली. स्वयंपाकघरातली ट्यूब दिवाळीपासून फडफडतेय, पण तिची चौकशी नाही.

मेंटेनन्सची पावती द्यायला गेलेला माणूस तासाभराने सुटतो.

‘वॅट बघू नका. दिवा वीज किती खातो एवढंच त्यातून कळतं. लुमेनही बघू नका, ते माणसाच्या डोळ्याचं माप. झाडाला डोळे आहेत का?’

नाहीत, हे आपण मान्य करतो.

‘पीएआर बघा, म्हणजे झाडाच्या कामाचा उजेड! ४०० ते ७०० नॅनोमीटर. झाडाचं पोट त्यावर भरतं.’

खोक्यावर पीएआर छापलेला नसतो, आणि छापला असलाच तर किती खोलीवर मोजला ते गुलदस्त्यात. त्यावर काका पोटतिडकीने बोलतात. पीएआर मीटर महाग, म्हणून मोबाईलमध्ये लक्सचं ॲप घेतलंय. लक्स हेही माणसाच्याच डोळ्याचं माप, पण हे त्यांना सांगायची कोणाची टाप नाही. मोबाईल झिपच्या पिशवीत घालून काका तो तळाशी नेतात. हात काखेपर्यंत पाण्यात, गाल काचेला चिकटलेला, बनियन भिजलेलं. ‘आकडा वाच, आकडा!’ काकू स्टुलावर चढून वरून डोकावतात. ‘हात हलवू नका हो, पाणी डचमळतंय.’

काकांचं दैवत ताकाशी अमानो. या जपानी छायाचित्रकाराने टँकमध्ये डोंगरदऱ्या उभ्या केल्या. तशी हिरवळ तळावर हवी म्हणून काकांनी मॉन्टे कार्लो नावाची वनस्पती लावली आणि तिच्यासाठी एकापेक्षा एक झगझगीत एलईडी आणले. पण नुसता उजेड वाढवून भागत नाही, त्या मानाने कार्बन डायऑक्साइडही लागतो. त्याचा सिलिंडर आणायची भाषा काढताच काकू म्हणाल्या, ‘या घरात सिलिंडर एकच, आणि तो माझा.’ विषय मिटला. उजेड मात्र तसाच राहिला आणि त्यावर शेवाळ माजलं. पाहुण्यांना काका ते ‘नॅचरल लूक’ म्हणून दाखवतात. कडेची व्हॅलिस्नेरिया तेवढी फोफावली, पृष्ठभागावर आडवी पसरली आणि खालचा उरलासुरला उजेडही तिने अडवला.

एका रविवारी काकांनी आणखी एका दिव्याचं पान मोबाईलवर उघडलं. यात भिंगं आहेत, झोत सरळ तळाला जातो, वगैरे. काकू तेव्हा टँकवरची झाकणाची काच धूत होत्या. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी ती पांढुरकी झाली होती. लिंबाची फोड घासली तशी काच लख्ख झाली आणि ॲपमधला आकडा वर चढला. काकांनी दोनदा मोजून पाहिलं. मग काकू म्हणाल्या, ‘अहो, उजेड खाली जात नसेल तर झाडं वर आणा की.’

काका बराच वेळ गप्प होते. हल्ली टँकमध्ये एक उभं लाकूड आहे. त्याच्या वरच्या फांदीला अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्याने बांधलेत. दोन्हींना मंद उजेड पुरतो, शिवाय त्यांचा गड्डा वाळूत पुरायचाच नसतो, तो कुजतो. ही योजना अर्थातच काकांनी ‘खूप स्टडी करून’ आखली, असं वॉचमनलाही ठाऊक आहे.

उंच टँक घ्यायचा असेल तर आधी झाडं ठरवा, मग दिवा. कमी उजेडाची झाडं असतील तर साधा पांढरा एलईडी टायमर लावून दिवसाला सहा-सात तास पुरतो. काकांचं सगळं ऐकून घ्या, आणि काकू सांगतील तसं करा.