कुडाळ ते करबुडे

गणपती आटोपून मुंबईला परतणाऱ्या गाडीत माणसांपेक्षा नारळ जास्त असतात. मी कुडाळला चढलो तेव्हा माझ्या सीटवर एका आजींच्या उकड्या तांदळाची पिशवी ऐसपैस बसली होती आणि माझ्या फोनमध्ये 3 टक्के धुगधुगी उरली होती. चार्जर लावला. ढिम्म! खिशात रोख छदाम नव्हता. यूपीआयच्या जिवावर हिंडणारा मी भर गाडीत दारिद्र्यरेषेखाली घसरलो.

आजूबाजूच्यांनी तपास ताबडतोब हाती घेतला. कणकवलीपर्यंत संशय प्लगवर होता. खिडकीजवळचे काका ठामपणे म्हणाले, "करंटच नाय." पण समोरच्या पॉलिटेक्निकच्या पोराने तिथेच आपला फोन लावला, तर तो मजेत चार्ज होऊ लागला. प्लग निर्दोष सुटला. "एका वेळी एकच वस्तू बदलायची, नायतर चोर सापडत नाय," हे पोराचं तत्त्व. वैभववाडीला त्याने चार्जर बदलला, राजापूरला केबल. दोघेही निर्दोष. एव्हाना फोनने डोळे मिटले होते. "बॅटरी गेली. नवीन घ्या," काकांनी परस्पर निकाल लावला. दरम्यान वडेवाला गेला, कटलेटवाला गेला, वडेवाला उलटा आला. मी प्रत्येकाकडे 'नुकतंच जेवलोय' अशा चेहऱ्याने पाहिलं.

"पावसात भिजला असेल, तांदळात खुपसा," पलीकडच्या वहिनींनी सुचवलं. सगळ्यांच्या नजरा पिशवीकडे वळताच आजींनी तिच्यावर हात ठेवला. पोरगा म्हणाला, "पोर्ट ओला असला तर बरेच फोन स्क्रीनवर तसं सांगतात. आणि तांदळाचे कण आत गेले की आणखी पंचाईत. अ‍ॅपलने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय, तांदळात ठेवू नका म्हणून." आजींना ही अ‍ॅपल कोण ते ठाऊक नव्हतं, पण बाई समजूतदार वाटली.

पोराने पुन्हा केबल लावून पाहिली. ती पुरती आत जातच नव्हती, जरा हलवली की निसटायची. त्याने टॉर्च मारला. आत कचऱ्याचा बोळा! "झिला, तोंडात कचरो आसा, तो खातलो कसो?" म्हणत आजींनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली. पोरगा किंचाळला, "धातू नको!" सी टाइप पोर्टच्या मधोमध पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून 24 संपर्कबिंदू. पिनेने त्यांची वाट लागते. फोन पूर्ण बंद आहे याची खात्री करून त्याने काकांच्या खिशातली लाकडी दातकोरणी मागून घेतली आणि हलक्या हाताने कोरायला सुरुवात केली. जीन्सची निळी लव निघाली, मागोमाग गुलाल, आणि शेवटी दुर्वेचं टोक. बाप्पा गावाला गेले होते, पण पूजेचं साहित्य माझ्या फोनमध्ये ठेवून.

केबल 'टक' करून बसली. रत्नागिरी सुटेपर्यंत फोन उठून बसला. मी दोन वडे घेतले, चटणीसकट संपवले आणि ऐटीत कोड स्कॅन केला. तेवढ्यात गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली. रेंज गेली. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि वडेवाला कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. उजेड आला तसे पैसेही गेले.

"मिळाले का बघा," मी म्हणालो.

"कशात बघू? माझा सकाळपासून चार्जच होत नाय."

"बॅटरी गेली," काका म्हणाले आणि त्यांनी दुसरी दातकोरणी काढली.