मेलेल्याचं औषधपाणी

पार्लरमध्ये आजवर धडधाकट केस घेऊन कुणी बाई शिरल्याचं ऐकिवात नाही. खुर्चीत टेकायच्या आत निदान होतं, "ताई, खूपच डॅमेज आहे हो!" आणि शेपटाचं टोक चिमटीत धरून आरशासमोर असं नाचवतात, जणू माळ्यावर मेलेला उंदीर सापडलाय. मागच्या महिन्यात ही वेळ माझ्यावर आली. औषध अर्थातच त्याच काउंटरवर तयार होतं. 'डॅमेज रिपेअर' कंडिशनर.

रिपेअर? पंक्चर काढतात, त्याला रिपेअर म्हणतात. टाळूबाहेर आलेला केस केव्हाच मेलेला असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा, त्याला ना रक्त ना नस. म्हणून तर कापताना दुखत नाही. केस वाढतो महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. म्हणजे फूटभर वेणीचं टोक अडीच वर्षांचं शिळं. त्याने तेवढे उन्हाळे, टँकरचं जड पाणी, हेल्मेट आणि दोन लग्नांचं स्ट्रेटनिंग सोसलेलं असतं. एकदा फुटलेले फाटे, मग ते केसाचे असोत की सोसायटीच्या मीटिंगमधले, पुन्हा जुळत नाहीत. त्यावर कात्री हाच इलाज, आणि ती बाटलीत भरून विकता येत नाही.

तरी मी बाटली घेतली, कारण ती खोटारडी असली तरी कामाची आहे. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. शाम्पू मळाबरोबर तेलही पळवतो, खवले उचकटतात, केस एकमेकांत अडकतात आणि कंगवा उरलंसुरलं मोडून काढतो. ओल्या केसांत तर फारच. केसावर ऋण भार असतो, कंडिशनरमधल्या रेणूंवर धन. जिथे झीज जास्त, तिथे ऋण भारही जास्त, त्यामुळे हे रेणू नेमके दुखऱ्या जागी जाऊन चिकटतात. (एवढी समज आमच्या फॅमिली डॉक्टरांना असती तर!) वर सिटिल अल्कोहोलसारखा मेणचट पदार्थ, बऱ्याचदा सिलिकॉनचा पातळ थर. कंगवा सरसर फिरतो, केस तुटायचा वाचतो. मात्र हा मुलामा पुढच्या धुण्यात बराचसा वाहून जातो. डागडुजी कसली, दिवाळीची रंगसफेदी!

गंमत म्हणजे तेल काढणारी बाटली आणि गुळगुळीतपणा परत देणारी बाटली, दोन्ही एकाच कंपनीच्या. आधी खिसा फाडायचा आणि मग सुईदोरा विकायचा.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "आम्ही शिकेकाईच लावायचो. गुडघ्यापर्यंत केस होते." मेलेल्या म्हशीला मणभर दूध! शिकेकाईसुद्धा तेल काढतेच. म्हणून तर आदल्या रात्री खोबरेल चोपडलेलं असायचं. त्याची बाजू मात्र भक्कम आहे. २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला: मिनरल तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांत केसातल्या प्रथिनांची गळती रोखली ती एकट्या खोबरेलाने. अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मुंबईच्या मॅरिकोचे, म्हणजे पॅराशूटवाल्यांचेच. नवऱ्या मुलाच्या मामाने मुलाचं कौतुक करावं तसं हे. पण खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात हे खरं. मामा बोलला म्हणून मुलगा वाईट ठरत नाही.

असो. बाटली न्हाणीघरात ठेवली. शाम्पू आणि कंडिशनर एकाच रंगाचे, अक्षरं मुंगीएवढी, आणि अंघोळीला चष्मा लावून कोण जातं? आमच्या यजमानांनी पाव बाटली टाळूवर रिकामी केली आणि दहा मिनिटं चोळत बसले. आतून ओरडले, "अगं, फेसच येत नाही. डुप्लिकेट माल आणलायस!"

हे टोकांना लावायचं असतं, असं मी दाराबाहेरून सांगितलं. त्यांच्याकडे टोकं कुठली! पण टकलाभोवतीची झालर दिवसभर रेशमासारखी भुरभुरत होती. पुढच्या वेळी पार्लरमध्ये त्यांनाच पाठवीन म्हणते.