पाहुण्याने साखर कुठे शोधावी

सॉफ्टवेअरच्या माहितीत 'विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांवर चालते' असं छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं. चालू होण्याआधी कुठे कोणाची परवानगी काढावी लागते आणि गप्प बसलं तर कोणाला उठवायला सांगायचं, हे मात्र त्या ओळीत मावत नाही. ज्यांच्या वाट्याला कॉलेजची लॅब, वाचनालय किंवा चारपाच खोल्यांची कचेरी आणि तिथले सगळे संगणक येतात, त्यांना हा राहिलेला मजकूर स्क्विड शिकवतो.

स्क्विड हा वेब प्रॉक्सी. मालवणच्या बाजारात मिळणाऱ्या माकूलाशी त्याचं नातं नावापुरतं. लॅबमधल्या चाळीस मुलांनी एकच पान मागितलं तर हा एकदाच बाहेर जातो, पान आणतो, एक प्रत स्वतःजवळ ठेवतो आणि बाकीच्यांना तीच देतो. मुलांना वाटतं, आज नेट काय पळतंय! शिवाय कोणी काय मागितलं याची तो नोंद ठेवतो आणि काही गोष्टी आत येऊच देत नाही. प्राचार्यांना त्याचे पहिले दोन गुण समजावून सांगावे लागतात. तिसरा त्यांना आधीपासून ठाऊक असतो.

कल्पना वेबच्या बालपणातलीच. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेच्या वेब सर्व्हरमध्ये १९९४ सालीच प्रॉक्सीची सोय होती. पुढे अमेरिकेतल्या हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातला साठवणुकीचा भाग घेऊन ड्युएन वेसल्स यांनी स्क्विड उभा केला. पहिली आवृत्ती जुलै १९९६ची, पैसे तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे. हेच नाव का, तर चांगली नावं आधीच लोकांनी घेऊन ठेवली होती, असा खुलासा खुद्द कर्त्यांकडचा आहे. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मुहूर्त स्वातंत्र्याचा, पण चित्र उतरायचं ते वरून खाली एकेक पट्टीने, आणि ते उतरेस्तोवर फोनचं मीटर पळत असायचं. अशा दिवसांत एखाद्या पानाची प्रत घरात असणं म्हणजे रोख बचत होती.

तेव्हा स्क्विड टाकणं हा रीतसर विधी होता. सोर्स उतरवून घ्यायचा, 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' या तीन कमांड ओळीने मारायच्या आणि पडद्यावरून सरकणाऱ्या मजकुराकडे जाणत्या चेहऱ्याने बघत बसायचं. तो मजकूर कोणालाच कळत नसे. थांबला की मात्र सगळ्यांना कळे. शेवटी 'एरर' असेल तर भलतंच कुठलंतरी पॅकेज आधी हवं असायचं, आणि त्या पॅकेजला त्याच्याही आधीचं एक.

आता एका ओळीत काम होतं. मशीनवर लिनक्सचं डेबियन किंवा उबुंटू असेल तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्क्विड'. लॅबमध्ये मदतीला येणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"सर, झालं."

"काय झालं?"

"स्क्विड टाकला. चालू पण झालाय."

"मग शेजारच्या मशीनवरून एखादं पान उघड."

"ते नाही उघडत, सर. ॲक्सेस डिनाइड."

डेबियनचा स्वभावच असा. कुठलीही सेवा आत आली की कोणी न सांगता कामाला लागते. स्क्विडही लागतो, पण स्वतःच्या मशीनपलीकडे कोणाला विचारत नाही. लॅबमधल्या पत्त्यांची यादी फाइलमध्ये तयार असते. त्यांना आत घेणारी ओळही असते. फक्त तिच्या कपाळावर एक '#' असतो, त्यामुळे ती वाचलीच जात नाही. लिनक्सच्याच रेड हॅट घराण्यात नेमकं उलट. तिथे 'डीएनएफ'ने स्क्विड टाकला की काहीच हालचाल होत नाही. 'सिस्टीमसीटीएल'ने त्याला उठवावं लागतं, उद्याही ऊठ म्हणून वेगळं बजावावं लागतं. पण उठला की आळीतल्या सगळ्यांना परवानगी! तेवढ्यात दारावरची फायरवॉल आडवी येते, कारण तिला यातलं कोणी काही सांगितलेलं नसतं.

त्या घराण्यात आणखी एक करडा पहारेकरी आहे, एसईलिनक्स. स्क्विडचा ठरलेला पोर्ट ३१२८. कोणाला हौस आली आणि त्याने आपल्या लग्नाचं वर्ष पोर्ट म्हणून दिलं, तर हा परवानगी नाकारू शकतो. रूट म्हणजे मशीनमधला सर्वाधिकारी. त्याने सांगितलं तरी नाकारतो. बरेच जण वैतागून एसईलिनक्सलाच झोपवतात आणि नवा पोर्ट त्याच्या वहीत चढवायची एका ओळीची कमांड शिकायची राहून जाते.

आता फाइलीकडे. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायला उभं राहिलं की गॅस दिसतो, पातेलं दिसतं, दूधही सापडतं; साखर सापडत नाही. स्क्विडची सगळी मर्जी ज्या 'स्क्विड डॉट कॉन्फ' फाइलीत असते, ती ही साखर. डेबियन आणि रेड हॅट दोघेही ती 'ईटीसी'तल्या 'स्क्विड' फोल्डरमध्ये ठेवतात. मात्र डेबियनमध्ये मधली काही वर्षं दुसरी आणि तिसरी आवृत्ती शेजारी शेजारी नांदत होती, म्हणून तिसरीचं फोल्डर 'स्क्विड३' झालं. पुढे तो ३ गेला आणि लोकांच्या वह्यांतल्या कमांड एका रात्रीत शिळ्या झाल्या. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टीममध्ये ती 'यूएसआर-लोकल'च्या आतल्या 'ईटीसी'त. मॅकवर होमब्रू या साधनाने टाकला तर जुन्या इंटेल मॅकमध्ये एका जागी आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये 'ऑप्ट-होमब्रू'खाली. बाहेरून दोन्ही मॅक सारखेच चकचकीत. चिप बदलली आणि डबा हलला.

यांतलं मला सर्वांत पटतं ते फ्रीबीएसडीचं. सिस्टीमबरोबर आलेलं सामान वेगळं आणि तुम्ही मागाहून आणलेलं वेगळं, दोन्हींची सरमिसळ नाही. सुरू करायचं तर 'आरसी डॉट कॉन्फ'मध्ये 'स्क्विड इनेबल, यस' असं स्वहस्ते लिहा. एकदा लिहिलं की पुन्हा विचारणा नाही.

विंडोजवर टाकणं सगळ्यांत सोपं: नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, आणि घड्याळाशेजारी छोटं चिन्ह. पण स्क्विड वाढला युनिक्सच्या वळणात. त्याला परकं वाटू नये म्हणून इन्स्टॉलर सिगविन नावाचं युनिक्सचं वातावरण बरोबर घेऊन येतो. त्यामुळे पक्क्या विंडोजवाल्याने फाइल उघडली की त्याला स्वतःचीच डी ड्राइव्ह 'स्लॅश सिगड्राइव्ह स्लॅश डी' अशी लिहिलेली दिसते. उलटा स्लॅश तिथे चालत नाही. तो आधी फाइलीकडे बघतो, मग माझ्याकडे.

फाइल सापडली तरी ती वाचायची हा वेगळा भाग. रेड हॅटची आटोपशीर, एकदोन पानांची. डेबियनची हजारो ओळींची आणि त्यांतल्या बहुतेक ओळी नुसत्या टिपा. लोक त्या टिपा गाळून उरलेलं बघतात. मला टिपाच आवडतात. मूळ सूचना दोन शब्दांची आणि तिच्यावरचं भाष्य दोन पानांचं. गीतेवरच्या टीका वाचत आलेल्या समाजाला ही रीत परकी वाटू नये. याच भाष्यात एका जागी मोठ्या अक्षरांत विनवलेलं असतं, की तुमचे नियम इथे लिहा. कारण नियम वरून खाली वाचले जातात, पहिला लागू पडला की वाचन थांबतं आणि सर्वांत शेवटी 'डिनाय ऑल' बसलेला असतो. त्याच्या खाली कितीही आर्जवं लिहा, तिथपर्यंत कोणी पोचत नाही. दुरुस्ती केली की रिस्टार्ट. आणि स्क्विड 'थांब' म्हटल्यावर लगेच थांबत नाही, हातातली गिऱ्हाइकं आवरायला ३० सेकंदांपर्यंत घेतो. त्या ३० सेकंदांत लॅबमध्ये पसरणारी शांतता परीक्षेच्या हॉलमध्येही मिळत नाही.

मग ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या संगणकांना प्रॉक्सीचा पत्ता द्यायचा. विंडोजमध्ये एकदा सेटिंगमध्ये लिहिलं की बहुतेक प्रोग्रामांना कळतं. फायरफॉक्सला वेगळं काही हवं असेल तर तो स्वतःचं वेगळं ठेवतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एचटीटीपी प्रॉक्सी' छोट्या अक्षरांत लिहायचं. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, पानं आणून देणारा 'कर्ल' हा प्रोग्राम मुद्दाम मानत नाही. अँड्रॉइड फोनला प्रत्येक वायफायसाठी निराळं सांगायचं. एवढं झालं की शिक्षक विचारतात, "आता नेट फास्ट होणार ना?"

इथे माझी पंचाईत होते. डिस्कवर प्रती ठेवायच्या तर 'स्क्विड-झेड' ही कमांड एकदा मारतात. ती मारली की तो ठरल्याप्रमाणे १६ फोल्डर करतो, प्रत्येकात २५६. म्हणजे एकही पान आलेलं नसताना ४०९६ रिकामी फडताळं मांडून तयार. आणि आज वेबवरचं जवळजवळ सगळं येतं एचटीटीपीएसने, सीलबंद. ब्राउझर स्क्विडला एवढंच म्हणतो, की अमक्या साइटशी मला जोडून दे. पुढे काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच माहीत. स्क्विडला साइटचं नाव कळतं, पान कळत नाही, त्यामुळे प्रतही ठेवता येत नाही. लॉगमध्ये खाली खाली 'टीसीपी टनेल', 'टीसीपी टनेल' एवढंच उमटत राहतं. टाकायला एक रात्र जायची तेव्हा साठवण्यासारखं खूप होतं. आता एका ओळीत टाकून होतो, तर साठवायला काही नाही. सील फोडायची वाट आहे, नाही असं नाही. स्वतःचं सर्टिफिकेट बनवून प्रत्येक संगणकाच्या गळ्यात घालावं लागतं. पण स्टाफरूममधून कोणी बँकेचं पान उघडत असेल तर ते मधल्या मधे फोडून वाचणारी व्यवस्था मी मांडणार नाही. प्राचार्यांनी विचारलं तर अवघड आहे असं सांगतो, आणि ते अवघड आहेही.

वरच्या मजल्यावरच्या दोन लॅबना स्वतःचे स्क्विड हवे होते. दोन्ही मशीन डेबियनची, पॅकेजं खालच्या जुन्या स्क्विडमार्फत घ्या असं त्यांना सांगून ठेवलं. मुलगी वर गेली, मी खाली लॉग उघडून बसलो. लॉगमधली वेळ घड्याळाची नसते, १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद असतात, म्हणून मी वेळ बघायची सोडून दिली आहे. पहिल्या मशीनच्या नावाने 'मिस', 'मिस', 'मिस'. ती खाली आली, माझ्या खांद्यावरून वाचू लागली, एवढ्यात दुसऱ्या मशीनच्या ओळी सुरू झाल्या.

"सर, हिट! हिट आला!"

कित्येक महिन्यांत मी तो शब्द पाहिला नव्हता. डेबियनची पॅकेजं आजही साध्या एचटीटीपीने येतात. त्यांच्या यादीवर सही असते, बरोबर ठसे असतात, वाटेत कोणी हात लावला तर घेणाऱ्याला कळतं. म्हणून सीलबंद पाकिटाची गरज त्यांना वाटलेली नाही. पहिल्या मशीनने आणलेलं दुसऱ्याला इथल्या इथे मिळालं होतं.

"काय मिळालं, नीट वाच," मी म्हणालो.

ती ओळीच्या टोकापर्यंत गेली. "स्क्विडच, सर. त्याचंच पॅकेज."