तेलाच्या विहिरीतला सूर

भूगर्भातल्या ध्वनिलहरींवरून तेल हुडकणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी १९९७मध्ये तसलंच गणित गळ्याला लावलं आणि बेसूर गाणं सुरात आणणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर जन्मलं. जमिनीखालचं तेल सापडतं, मग गायकाचा हरवलेला सूर का सापडू नये?

पुढच्याच वर्षी गायिका शेरच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात ऑटो-ट्यूनचा यांत्रिक झटका मुद्दाम ऐकवला गेला. झाकायची गोष्ट मिरवायची झाली.

सुरानंतर ठेकाही आयता मिळू लागला: २००४मध्ये गॅरेजबँड हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर तयार ठेक्यांचा डबाच घेऊन आलं. रिहानाच्या ‘अम्ब्रेला’चा ठेका त्याच डब्यातला, ‘व्हिंटेज फंक किट ०३’. २००७मध्ये गाणं जगभर गाजलं, त्यामुळे डब्याला नावं ठेवायचीही सोय उरली नाही.

पहाटे उठून खर्ज घासणारे अजून आहेत. बाकीचे दुपारी उठतात आणि विचारतात, ‘ऑटो-ट्यूनचा रिट्यून स्पीड, म्हणजे सूर दुरुस्त करायचा वेग, शून्यावर ठेवू की वीसवर?’