उभयपक्षी प्रसन्न मुद्रा

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर छापून अधिसभेपुढे दाखल झाला आणि त्यातील ‘उत्कर्षाचे वर्ष’ हे प्रकरण ऐकून सभासदांनी बाके वाजविली, यात नवल नाही. शिरस्ताच तसा आहे. नवल वाटते ते त्या प्रकरणातील छायाचित्रांचे. प्रत्येक छायाचित्रात दोन प्रतिष्ठित इसम सोनेरी अक्षरांची एक निळी फाईल दोन बाजूंनी धरून उभे आहेत, उभयतांची मुद्रा प्रसन्न आहे, उभयतांची दृष्टी छायाचित्रकाराकडे आहे, आणि फाईलकडे मात्र त्या क्षणी वा तदनंतर कोणी पाहिल्याची नोंद अहवालात आढळत नाही. यास सामंजस्य करार म्हणतात.

पूर्वी तह म्हटला की कोणाचे तरी काही जाई. 1665 साली पुरंदरला 23 किल्ले गेले. 1802 साली वसईला पेशव्यांचे उरलेसुरले स्वातंत्र्य गेले. विद्यापीठीय तहाने ही हानी समूळ टाळली आहे. ‘या करारान्वये उभय पक्षांवर कोणतेही आर्थिक दायित्व येणार नाही’ असे एक कलम त्यात असते, बाकीच्या कलमांत ज्ञानाचे आदानप्रदान असते, आणि मुदत संपली की त्याच मसुद्याचे नूतनीकरण होऊन नवी शाल, नवे श्रीफळ व नवे छायाचित्र निघते. मूल्यांकनात करारांना गुण असल्यामुळे करार करणे हेच आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे; ज्या विभागात शिकवावयास कायम शिक्षक उरला नाही त्या विभागाचा परदेशी विद्यापीठाशी अध्यापकांच्या देवाणघेवाणीचा करार होतो, ज्या प्रयोगशाळेत पाण्याचा नळ कोरडा आहे ती जलसंशोधनात सहकार्य करण्याचे वचन देते, आणि विद्यार्थी परदेशी धाडण्याच्या कलमावर स्वाक्षऱ्या होतात तेव्हा धाडण्याजोगे विद्यार्थी खरोखरच पुष्कळ असतात, अडचण एवढीच की त्यांचा निकाल लागलेला नसतो व गुणपत्रकावाचून त्यांना पलीकडचा पक्ष दारातही उभे करीत नाही.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात, परीक्षा संपल्यापासून शक्यतो 30 आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत निकाल लावावा, असे स्वच्छ लिहिले आहे. कायद्याचा दोष इतकाच की तो पाळताना छायाचित्र निघत नाही. 1857 साली या देशात आधुनिक विद्यापीठे निघाली ती केवळ परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकविण्याचे ओझे महाविद्यालयांवर होते. म्हणजे जे काम मुळात एकुलते एक होते, तेच आज उत्कर्षाच्या गर्दीत मागे पडले.

आता त्याच छायाचित्राच्या कडेला पाहावे. चौकटीत अर्धाच मावलेला एक इसम शाल-श्रीफळाचे तबक धरून उभा असतो. त्याचे नाव खाली छापीत नाहीत. तो सेट उत्तीर्ण आहे, विद्यावाचस्पती आहे, आणि गेली कित्येक वर्षे एका मंजूर पण रिक्त जागेचे सारे काम तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या बिदागीवर, करीत आहे. सुट्टीत त्यास वेतन नाही, आजारपणात नाही. आणि शिकविलेल्या तासांचा मोबदलाही, देयकावर कोणा कारकुनाची सही राहिली म्हणून, महिनोन् महिने दप्तरात पडून राहतो. उत्कर्षाच्या या वर्षात जे शिकविले गेले ते बव्हंशी याने शिकविले, उत्तरपत्रिका याने तपासल्या, मूल्यांकन समिती यावयाची होती तेव्हा रात्री जागून करारांच्या फायली यानेच लावल्या. ज्या संस्थेला एक कोरी फाईल उचलण्यास चार सन्माननीय हात सापडतात, तिला या माणसाच्या देयकाची फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर नेण्यास एक हात सापडू नये, ही गोष्ट विनोदाची नव्हे, निर्लज्जपणाची आहे. आणि अशा संस्थेने कुठल्या तोंडाने ज्ञानदानाच्या गोष्टी सांगाव्या?

याच्याशीही विद्यापीठाने एक करार करावा, अशी सूचना अधिसभेत कोणी मांडलीच तर ती नामंजूर होईल हे उघड आहे. त्या करारात आर्थिक दायित्वाचे कलम घालावे लागेल, आणि शिवाय त्या समारंभात तबक कोणी धरावे, हा प्रश्न व्यवस्थापन परिषदेस सुटणार नाही.