लाकूड नसलेला लकडी पूल

पुण्याच्या पेठांतून पायी हिंडणाऱ्याने वास्तू कमी पाहाव्यात आणि पत्ते जास्त विचारावेत. वास्तूंचं काम लवकर आटोपतं. शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर तट, दरवाजे आणि जोती उरली. ती पाहून होतात. पत्ता मात्र संपत नाही, कारण या शहरातली सर्वांत टिकाऊ जुनी वास्तू म्हणजे पत्ताच. पानिपतानंतर बांधलेल्या लकडी पुलात आज औषधालाही लाकूड नाही, तरी तो लकडीच. नवा पूल १९२३ चा. शंभरी उलटली तरी त्याला कुणी जुना म्हणत नाही. फडके हौदाच्या चौकात तांब्या घेऊन गेलात तर तो कोरडाच परत येईल. ‘मारुतीपाशी वळा’ ही तर दिशा नव्हे, प्रश्नपत्रिका आहे: जिलब्या, पत्र्या, डुल्या की भिकारदास? उत्तर येण्याआधी ‘कुणाकडे जायचंय?’ ही तोंडी परीक्षा असतेच. पुण्यात पत्ता मिळत नाही, तो कमवावा लागतो.

कुणी म्हणेल, खिशात नकाशा असताना ही हमालपंची कशाला? पण फोन ‘संभाजी पूल’, ‘शिवाजी पूल’ म्हणतो आणि कट्ट्यावरचे आजोबा लकडी आणि नवा. दोघंही बरोबर, आणि मधल्यामधे चुकतो तो चालणारा. शिवाय फोन बोळाच्या तोंडाशी आणून सोडतो; वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या पाच इमारतींपैकी ‘आपली’ कुठली, हे शेवटी पानवालाच सांगतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: नावं जपणारं हे शहर वाडे का जपत नाही? कारणं काही गूढ नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठचे मातीच्या भिंतींचे वाडे बसले. जे वाचले त्यांना १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलं. चहाच्या पैशांत महिन्याचं भाडं आलं, तर मालक कौलं शाकारणार कशातून? आणि भाडेकरू तरी दुसऱ्याच्या तुळईवर खर्च का करणार? मग दोघंही बिल्डरची वाट पाहतात. नावाचं तसं नाही. नावाला घरपट्टी नाही, पावसाळ्यात ते गळत नाही, त्यावर कोर्टात तारखा पडत नाहीत. आपण नावं जपतो ती प्रेमाने, हे खरं. पण फुकटात जपता येतात म्हणूनही.

इथे विनोद थांबतो. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो वाडा वर्षानुवर्षं खटल्यात खंगला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक होईल, पत्ताही ‘भिडेवाडा’च राहील. पण लकडी पुलाला लाकूड नसलं तरी पलीकडे जाता येतं. नुसत्या नावाच्या सावलीत पाटी घेऊन कुणा मुलीला बसता येत नाही.